सहकाऱ्याला गुण देताना

मंडळी, कर्जत-खालापुरातले कितीतरी जण खोपोलीच्या कारखान्यांत कामाला जातात. ज्याच्याबरोबर रोज डबा खातो, त्यालाच गुण द्या म्हटलं, की हात अडखळतो. त्याची पगारवाढ त्यावर ठरणार असते ना!

२००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तिथे 'चांगला' हा शेराच बढतीच्या आड आला. हवा होता 'खूप चांगला'. कळलंच नाही, तर दाद कशी मागणार?

निकाल सरकारी नोकरीतला, पण कसोटी आपल्यालाही उपयोगी. 'आळशी आहे' हा माणसावरचा निवाडा. 'महिन्यात तीनदा पाळीवर उशिरा आला' हे आपण पाहिलेलं. पाहिलेलंच लिहा, आणि त्याच्या तोंडावर बोलता येईल तेवढंच.