कुत्र्याचे रक्तदान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रक्त काढले की कुत्रा कायमचा अशक्त होतो, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. कुत्र्याच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण 80 ते 90 मिलिलिटर रक्त असते. 30 किलोच्या कुत्र्यात अडीच लिटरच्या आसपास. एका वेळी मानेच्या शिरेतून घेतले जाते ते फार तर 450 मिलिलिटर.

ही घट शरीर तीन वेगांनी भरून काढते. काही मिनिटांतच रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि प्लीहा आकुंचन पावून तांबड्या पेशी रक्तात सोडते. कुत्र्याची प्लीहा म्हणजे या पेशींचे कोठारच. माणसाकडे असा साठा नगण्य असतो. मग ऊतींमधले पाणी रक्तवाहिन्यांत ओढले जाते आणि एक-दोन दिवसांत रक्ताचे आकारमान पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन उतरलेले दिसते ते रक्त असे पातळ झाल्यामुळे, आजारामुळे नव्हे. तांबड्या पेशींची भरपाई मात्र सावकाश होते. मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवतात, तीन ते पाच दिवसांत अस्थिमज्जेतून कोवळ्या पेशी येऊ लागतात, आणि सगळी तूट भरायला तीन-चार आठवडे जातात.

‘माणूस देतो तसे कुत्राही देतो, त्यात काय’ हा उलटा गैरसमजही तितकाच चुकीचा. माणसाचे 350 मिलिलिटर म्हणजे त्याच्या रक्ताचे जेमतेम सात टक्के. कुत्र्याचे प्रमाण सतरा-अठरा टक्क्यांवर जाते. शिवाय 450 मिलिलिटरबरोबर दोनशेहून अधिक मिलिग्रॅम लोह निघून जाते. म्हणून दोन रक्तदानांत सहसा दोन-तीन महिने जाऊ देतात.

कोणताही धडधाकट कुत्रा चालतो, असे नाही. दात्याचे वजन 25 किलोच्या वर, वय साधारण एक ते आठ वर्षे आणि लसीकरण पूर्ण असावे लागते. बहुतेक गावठी कुत्री वजनातच बाद होतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत खरी अडचण गोचिडांची. त्यांच्यातून येणारे एर्लिशिया आणि बबेसिया हे जंतू वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही लपून असतात आणि रक्ताबरोबर आजारी कुत्र्यात जातात. म्हणून दात्याचे रक्त आधी तपासावेच लागते.

रक्तगटाचा प्रश्नच नसतो, ही समजूत अर्धी खरी. कुत्र्यांत डीईए 1 या गटाविरुद्ध प्रतिपिंडे सहसा जन्मजात नसतात. त्यामुळे पहिल्यांदा न जुळणारे रक्तही बहुधा पचून जाते. दुसऱ्या वेळी तेच जिवावर बेतू शकते. माणसाचे रक्त मात्र कुत्र्याला कधीच चालत नाही.

घोणस चावल्यावर रक्त चढवले की विष उतरते, असेही काही जण मानतात. विषावर उतारा प्रतिसर्पविषाचाच. रक्त फक्त वाहून गेलेल्याची जागा भरते.

रक्त दिल्यावर कुत्र्याला पाणी, खाणे आणि एक दिवसाची विश्रांती पुरते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपार जातो. तेव्हा रक्त पहाटे घेणे आणि कुत्र्याला दिवसभर सावलीत ठेवणे बरे.