ज्या गाण्यावर आपण नाचतो, त्यामागची गोष्ट: एमी वाइनहाउसचं ‘रिहॅब’

काही गाणी सुरू झाली की पाय आपोआप ठेका धरतात. शब्दांकडे लक्ष नंतर जातं. माझ्यासाठी असं गाणं म्हणजे ‘रिहॅब’. कॉलेजात असताना होस्टेलच्या खोलीत आम्ही मैत्रिणी ते मोबाइलवर मोठ्याने लावायचो आणि मनसोक्त नाचायचो. एकदा मात्र हेडफोन लावून नीट ऐकलं आणि लक्षात आलं, अरे, ही मुलगी काय सांगतेय! जवळची माणसं तिला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायला बघतायत आणि ती ठामपणे नकार देतेय.

तुम्हीही हे गाणं कधी ना कधी ऐकलं असेल. आज त्यामागची गोष्ट जाणून घेऊया.

कोण होती एमी?

एमी वाइनहाउसचा जन्म 14 सप्टेंबर 1983 चा, लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबातला. वडील मिच टॅक्सी चालवायचे, आई जॅनिस फार्मासिस्ट. आजी सिंथिया स्वतः गायची. घरात जॅझ वाजत असे, त्यामुळे एमीच्या कानावर जुनी गाणी लहानपणापासूनच पडली. 2003 मध्ये ‘फ्रँक’ हा तिचा पहिला अल्बम आला, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. स्वतःच्या आयुष्यात जे घडतंय तेच ती लिहायची आणि गायची.

तिच्या संगीताला ‘सोल’ म्हणतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने 1950-60 च्या दशकांत घडवलेलं हे संगीत. चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांची आर्तता आणि रिदम अँड ब्लूजचा ठेका त्यात एकत्र येतात.

रस्त्यात सापडलेलं गाणं

‘रिहॅब’ कसं जन्मलं, हे निर्माता मार्क रॉन्सनने अनेकदा सांगितलं आहे. तो आणि एमी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चालत होते. बोलता बोलता एमीने सांगितलं, की मध्यंतरी घरचे तिला उपचारांसाठी पाठवायला बघत होते आणि तिने कसं उडवून लावलं. तिने हे इतक्या लयीत सांगितलं, की रॉन्सनला त्यात गाणं दिसलं. दोघं स्टुडिओत परतले आणि गाणं तयार झालं.

ब्रुकलिनच्या ‘डॅप-किंग्ज’ या बँडने त्याला साठच्या दशकातला रंग दिला: दणकट ड्रम, टाळ्या, ट्रम्पेट-सॅक्सोफोन. ऑक्टोबर 2006 मध्ये ब्रिटनमध्ये सिंगल रिलीज झालं आणि तिथल्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत ते नवव्या क्रमांकावर पोहोचलं. ठेका इतका आनंदी, की आतलं दुखणं कुणाला ऐकूच आलं नाही.

गाण्यातला रे आणि खरा रे

गाण्यात एमी म्हणते, की केंद्रात जाण्यापेक्षा मी घरी रे चार्ल्स आणि डॉनी हॅथवे यांची गाणी ऐकत बसेन, तिथे काही वेगळं शिकायला मिळणार नाही. या रेची गोष्ट मात्र वेगळी आहे. रे चार्ल्स अनेक वर्षं हेरॉइनच्या आहारी गेला होता. 1965 मध्ये पोलिसांनी पकडल्यावर तो उपचारांसाठी दाखल झाला आणि हेरॉइनमधून सुटला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं तो गात राहिला. ज्याच्या आवाजाचा आधार घेऊन एमी उपचार नाकारत होती, त्याला उपचारांनीच सावरलं होतं.

गाण्यात आणखी एक जण आहे: तिचे वडील. मुलगी ठीक आहे असं त्यांना वाटतं, असं ती गाते. 2015 मध्ये आलेल्या ‘एमी’ या आसिफ कपाडिया यांच्या ऑस्करविजेत्या माहितीपटात हा प्रसंग आहे. त्यातलं आपलं चित्रण दिशाभूल करणारं असल्याचं मिच यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. खरं-खोटं ठरवणारे आपण कोण? पण ‘ती ठीक आहे’ असं मानावंसं वाटणं प्रत्येक आई-बाबांना समजेल.

पाच ग्रॅमी, आणि तरीही...

10 फेब्रुवारी 2008. अमेरिकेचा व्हिसा वेळेत न मिळाल्याने एमी लंडनमधूनच सॅटेलाइटद्वारे ग्रॅमी सोहळ्यात गायली. त्या रात्री तिने पाच पुरस्कार जिंकले. ‘रिहॅब’ला वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्ड आणि सर्वोत्तम गाणं हे दोन्ही मान मिळाले. गंमत म्हणजे, त्याच्या काही दिवस आधीच ती उपचारांसाठी दाखल झाली होती. म्हणजे तोवर तिचा ‘नाही’चा ‘हो’ झाला होता. पण आता उशीर झाला होता. मागे फोटोग्राफर लागलेले, तिच्या पडण्यावर टीव्हीवर विनोद चाललेले.

23 जुलै 2011 रोजी लंडनच्या कॅमडन भागातल्या घरी ती गेली. वय 27. चौकशीत कारण निघालं दारूची विषबाधा. 100 मिलिलिटर रक्तात 416 मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. तुलनेसाठी सांगते, आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. त्याआधी काही आठवडे तिने दारू सोडली होती. थांबून पुन्हा पिणं शरीराला किती महागात पडतं, ते यातून कळतं.

तिच्या नावाने घरच्यांनी फाउंडेशन सुरू केलं. व्यसनातून बाहेर येणाऱ्या तरुणींसाठी लंडनमध्ये ‘एमीज प्लेस’ हे निवासस्थानही त्यातून उभं राहिलं.

आपण काय ऐकायचं?

आपल्या घरातही एखादा मामा, दादा किंवा मैत्रीण असते, जी पिण्यावरून झकास विनोद करते. सगळे हसतात, विषय संपतो. एमीनेही हसत हसतच सांगितलं होतं.

असं कुणी असेल, तर सगळ्यांसमोर उपदेश करू नका. ती व्यक्ती शुद्धीत असताना, एकांतात, शांतपणे बोला. पहिल्यांदा ‘नाही’च ऐकू येईल. तो शेवटचा शब्द समजू नका, काही दिवसांनी पुन्हा विचारा. रोज पिणाऱ्याला एका झटक्यात बंद करायला लावू नका, त्याने जिवाला धोका होऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 वर आहे, फोन मोफत आहे आणि घरचेही करू शकतात.

आणि ‘रिहॅब’ आजही ऐका, नाचा सुद्धा. फक्त एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ऐका. आणि गाणं संपल्यावर कुणाची आठवण आली, तर त्या व्यक्तीला आजच फोन करा.