आजचा दिवस राहा
तिथी त्यांच्या, सण त्यांचे : भाग ९

मागच्या आठवड्यात आपण मांडवात होतो. सुक्कोत या ज्यू सणाचे सात दिवस, फांद्यांचं विरळ छप्पर, हातात महाळुंग आणि खजुराचं न उमललेलं पान. सातव्या दिवशी वाळुंजाच्या डहाळ्या जमिनीवर आपटून झाल्या. बोटं मोजली तर सण तिथेच संपायला हवा. पण बायबलच्या 'लेवीय' आणि 'गणना' या दोन्ही पुस्तकांत सातानंतर आणखी एक दिवस सांगितला आहे. त्याचं नाव शमिनी अत्सेरेत. शमिनी म्हणजे आठवा. अत्सेरेत या शब्दाच्या मुळाशी थांबण्याचा, थांबवून धरण्याचा अर्थ आहे.

कोण कुणाला थांबवतंय? याचं उत्तर रब्बींनी बैलांच्या हिशेबातून काढलं. यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा सुक्कोतच्या पहिल्या दिवशी तेरा बैल अर्पण होत, दुसऱ्या दिवशी बारा, असे उतरत सातव्या दिवशी सात. एकूण सत्तर. जगात सत्तर राष्ट्रं आहेत अशी जुनी समजूत. त्या सगळ्यांसाठी हे सत्तर. आठव्या दिवशी मात्र एकच बैल. तालमूद या रब्बींच्या चर्चाग्रंथात याची गोष्ट आहे. राजाने साऱ्या चाकरांना मोठी मेजवानी दिली. शेवटच्या दिवशी आपल्या जिवलग मित्राला तो म्हणाला, आता माझ्यासाठी साधंसंच काहीतरी कर, दोघं बसून जेवू. अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी त्यात बापाचा जीव ओततो: मुलं निघाली, त्यांचा निरोप जड जातोय, म्हणून अजून एक दिवस. आपल्याकडे पाहुण्याने पिशवी उचलली की घरातली बाई दारात आडवी येते, 'आजचा दिवस राहा, उद्या सकाळच्या गाडीने जा' म्हणते. अत्सेरेतचा याहून चांगला मराठी अर्थ मला सापडलेला नाही.

आता कायदा. रब्बींच्या मते हा दिवस सुक्कोतचं शेपूट नाही, स्वतंत्र सण आहे. त्याचा पुरावा रात्रीच्या द्राक्षरसाच्या पेल्यावर मिळतो. नव्या सणाला, नव्या फळाला म्हणायचा एक आशीर्वाद आहे, 'शेहेहेयानू'. या दिवसापर्यंत आम्हांला जगवलंस, असा त्याचा आशय. आठव्या दिवशी तो म्हणतात. वल्हांडणाचा सातवा दिवसही शेवटचा आणि कामबंदीचाच, पण त्या रात्री तो म्हणत नाहीत, कारण तो पहिल्याच सणाचा भाग. वल्हांडणाच्या त्या दिवशी स्तुतिस्तोत्रंही पूर्ण नाही, अर्धीच म्हणतात. तालमूद त्याचं कारण अर्पणांच्या हिशेबात देतं. लोकांच्या मनात बसलं आहे ते दुसरंच: त्याच तिथीला मिसरी सैन्य समुद्रात बुडालं, आणि माझ्या हातांनी घडवलेली माणसं बुडत असताना तुम्ही गाता काय, असं देवाने देवदूतांना विचारलं.

खरी गाठ आहे ती इस्रायलबाहेर राहणाऱ्यांची. प्राचीन काळी महिना सुरू झाला की नाही हे चंद्रकोर पाहिलेल्या साक्षीदारांवर ठरे आणि निरोप्ये गावोगाव धावत. लांबच्या वस्त्यांना निरोप वेळेत पोचत नसे, म्हणून त्यांनी सणाचा प्रत्येक पवित्र दिवस दोनदा पाळायला सुरुवात केली. पुढे, परंपरेप्रमाणे चौथ्या शतकात, गणिती पंचांग ठरलं, शंका संपली, तरी वाडवडिलांची रीत म्हणून दोन दिवस राहिले. आता पाहा: तिश्री महिन्याची २२ तारीख. पंचांगाप्रमाणे ती आठवा दिवस, म्हणजे मांडवातून बाहेर पडण्याचा. जुन्या शंकेप्रमाणे ती कदाचित सातवा, म्हणजे मांडवातच जेवण्याचा. करायचं काय?

तालमूदने दिलेलं उत्तर मला फार आवडतं: बसा, पण आशीर्वाद म्हणू नका. लोक ताटं घेऊन मांडवात जातात, पण सात दिवस म्हटलेला 'मांडवात बसण्याची आज्ञा दिलीस' हा आशीर्वाद गिळून टाकतात. तो म्हटला तर आजचा दिवस आठवा नाही असं होईल, आणि तासाभरापूर्वी प्रार्थनेत तर आठवा म्हणून झालेलं असतं. मग महाळुंग आणि पान का नाही घ्यायचं? कारण ते हातात घेतलं की सुक्कोत चालू आहे हे उघड दिसतं. मांडवात माणूस नुसता हवा खायलाही बसू शकतो. मध्ययुगीन टीकाकारांनी असा बारीक कीस काढून ठेवला आहे. सगळे ऐकतात असं मात्र नाही. काही हसीदी (भक्तिपंथी ज्यू) घराण्यांत या दिवशी घरातच जेवतात आणि आजोबांची रीत म्हणून ती राखतात.

या दिवसापासून प्रार्थनेत पाऊस येतो. वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा, अशी देवाची ओळख आठव्या दिवसाच्या दुपारच्या आधीच्या प्रार्थनेत जोडली जाते आणि वसंतात वल्हांडणापर्यंत टिकते. सात दिवस आधी का नाही? मांडवात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पाऊस म्हणजे नापसंतीची खूण. मिश्ना या तालमूदच्या मूळ संहितेची उपमा सडेतोड आहे: चाकर पेला भरायला आला आणि मालकाने सुरईच त्याच्या तोंडावर उपडी केली. म्हणून मांडव सुटेपर्यंत पावसाचं नाव काढायचं नाही.

नाव काढलं, तरी मागणी अजून नाहीच. 'पाऊस दे' ही थेट विनंती इस्रायलमध्ये आणखी पंधरा दिवसांनी, मार्हेश्वान महिन्याच्या ७ तारखेला सुरू होते. सणासाठी यरुशलेमला पायी आलेले यात्रेकरू परतीच्या वाटेवर असत. त्यांच्यातला सगळ्यात लांबचा माणूस युफ्रेटिस नदीपर्यंत पोचायला पंधरा दिवस लागत. त्याचे पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून साऱ्या देशाने पाऊस मागायला थांबायचं. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतानाही. मंदिर इ. स. ७० मध्ये पडलं, ते यात्रेकरू गेले, पण पंधरा दिवसांची वाट अजून पाहिली जाते.

(कोकणात याच सुमारास भात कापणीला येतं आणि परतीच्या पावसाने सगळेच धास्तावलेले असतात. पावसाच्या उल्लेखापुरतं ज्यू प्रार्थनेतलं आभाळ मात्र जगात कुठेही यरुशलेमचंच.)

दुसरा पदर आनंदाचा: सिमहात तोरा. इस्रायलमध्ये तो २२ तिश्रीलाच, बाहेर २३ला. तोऱ्याचं, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचं, वर्षभराचं वाचन या दिवशी संपतं. तालमूदमध्ये हे नावसुद्धा नाही. सण मागाहून, वार्षिक वाचनाची बाबिलोनी पद्धत रुजल्यावर वाढला. कपाटातल्या सगळ्या पोथ्या बाहेर येतात, मधल्या चौथऱ्याभोवती सात फेरे होतात. अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंच्या, पद्धतीत दोन दांड्यांवरची गुंडाळी असते. वाचलेलं चर्मपत्र उजव्या दांडीवर चढत जातं. त्यामुळे 'अनुवाद'चा शेवट, मोशेचा मृत्यू, वाचून पोथी उचलायची तर सारं ओझं उजव्या हातावर येतं. लगेच दुसरी पोथी उघडून 'उत्पत्ती'चा पहिला अध्याय वाचतात. तिचं सारं ओझं डाव्या हातावर. उचलणाऱ्याचे दंड थरथरतात, कारण पोथी पडली तर उपासाची रीत आहे. भारतातल्या सिनेगॉगांत पोथी बहुधा डब्यात उभी असते, तिथे हा प्रश्न येत नाही. शेवट वाचायला बोलावलेल्याला तोऱ्याचा नवरदेव म्हणतात आणि सुरुवात वाचणाऱ्याला उत्पत्तीचा. सगळ्या लहान मुलांना एका मोठ्या प्रार्थनाशालीखाली उभं करून वाचनाचा मान देतात. शालीची चार टोकं धरून वडीलधारे उभे.

१४ ऑक्टोबर १६६३ला सॅम्युअल पेपिस हा इंग्रज रोजनिशीकार लंडनच्या सिनेगॉगमध्ये नेमका याच दिवशी गेला आणि तिथली धावपळ, हसणं पाहून हबकला. देवळात इतका दंगा त्याने कधी पाहिला नव्हता. एरवीच्या दिवशी गेला असता तर त्याचं मत कदाचित वेगळं झालं असतं.

७ ऑक्टोबर २०२३चा शनिवार ही २२ तिश्रीच होती. हमासचा हल्ला इस्रायलमध्ये या सणाच्या सकाळी झाला. सणाच्या दिवशी शोक पाळू नये असा नियम. म्हणून सरकारी स्मृतिदिन २४ तिश्रीला ठेवला आहे. नाचावं की बसावं, हा प्रश्न तेव्हापासून त्या फेऱ्यांमध्ये असतो.

सणाचा शेवट रात्री, तीन तारे दिसल्यावर, हवदाला या निरोपाच्या विधीने होतो. शब्बाथच्या हवदालात द्राक्षरस, सुगंधी मसाला आणि वातींची जाड मेणबत्ती असते; सण शनिवारी संपला नाही तर नुसता पेला. मसाला शब्बाथचा ज्यादा आत्मा निघून गेल्याची हुरहूर घालवायला, ती इथे नाही. आणि सणात आधीच्या ज्योतीवरून विस्तव घ्यायला मुभा असते, त्यामुळे अग्नीचं स्वागत नव्याने कशाला? दुसऱ्या दिवसाला इस्रू हाग म्हणतात. काम सुरू, पण थोडं चांगलंचुंगलं खायचं, आणि काकुळतीच्या प्रार्थना वगळायच्या.

सणाच्या या कडा आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, लोकांनी मराठीत बांधल्या होत्या. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७मध्ये लिहिलेल्या आणि १९३७मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात ही नावं नोंदली आहेत. वल्हांडण म्हणजे 'अनाशी ढाकाचा सण': आंबट कालवणाचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं आणि सण सरला की उघडायचं. वल्हांडणात खमीर वर्ज्य करणारा हिब्रू कायदा कोकणातल्या चुलीपाशी एका झाकणात मावला. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दुसऱ्या दिवसाला नाव होतं 'शिळा सण'. रब्बींच्या पोथीत असं नाव सापडणार नाही.

ही नावं आता फार कमी तोंडी उरली आहेत. रायगडात 'शनिवार तेली' म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायली घरांत, किंवा त्यांच्या शेजाऱ्यांत, कुणी ती ऐकली असतील, किंवा 'अनाशी'चं भांडं नेमकं कसं असे हे कुणी पाहिलं असेल, तर कृपया लेखमालेच्या पत्त्यावर लिहा. पुढच्या भागात हनुक्का.