गळती दिसली तर बोलायचा हक्क

खेड तालुक्यातली लोटे-परशुराम एमआयडीसी ही मुख्यतः रासायनिक कारखान्यांची वसाहत. 20 मार्च 2021 रोजी इथल्या घरडा केमिकल्समध्ये स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. धोका दिसताच वरिष्ठांना बजावण्याचा हक्क कामगाराला मिळाला तो भोपाळच्या वायुगळतीनंतर, 1987 च्या कारखाने कायदा दुरुस्तीने. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेतही तो आहे. कागदावर. ठेकेदाराच्या माणसाचं तोंड बंद करायला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच पुरतं. म्हणून तक्रार लेखीच द्यावी: कुठला व्हॉल्व्ह, कुठली पाळी, किती वाजता. चौघांच्या सह्या घ्याव्यात, दुसऱ्या प्रतीवर पोच. दाद लागली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जावं. आणि तक्रारीचा राग धरून ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.