पुनरुत्थानाचा विश्वास आणि करिंथची मंडळी

पुनरुत्थान आणि पुनर्जन्म हे दोन शब्द पुष्कळांच्या बोलण्यांत एकमेकांच्या जागीं येतात. पुनर्जन्मांत आत्मा एक देह टाकून दुसरा धारण करितो. पुनरुत्थानांत जो मनुष्य मेला तोच देवाकडून सदेह उठविला जातो, आणि तो पुनः मरत नाहीं. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ख्रिस्ती मंडळींतील माणसांनीं एकमेकांशीं कसें वागावें हेंही त्यावर अवलंबून आहे, आणि तें आम्ही एका जुन्या पत्रावरून दाखविणार आहों.

तें पत्र प्रेषित पौलानें इ. स. ५५ च्या सुमारास इफिस येथून करिंथच्या मंडळीस पाठविलें. करिंथ हें ग्रीस देशांतील दोन बंदरांचें व्यापारी शहर. रोमनांनीं तें इ. स. पूर्वीं १४६ मध्यें उद्ध्वस्त केलें, व इ. स. पूर्वीं ४४ मध्यें जूलियस सीझरनें पुनः वसविलें. नव्या वस्तींत दास्यमुक्त झालेल्यांचा भरणा मोठा होता. मंडळींतही धनिक व दास एकत्र जमत. जमत खरे, पण प्रभुभोजनाच्या वेळीं ज्यांच्यापाशीं होतें ते आधींच जेवून घेत, कांहीं तर मद्यानें धुंद होत, आणि ज्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें ते उपाशी राहत. पौलानें ह्याबद्दल त्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे.

ह्याच मंडळींत कित्येक म्हणूं लागले होते कीं, मेलेल्यांचें पुनरुत्थान नाहीं. ह्या दोन गोष्टी एके ठिकाणीं आढळाव्या ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. देह हा आत्म्याचा बंदिवास, तो सुटला म्हणजे बरें, हा विचार त्या काळच्या ग्रीक विद्वानांत पुष्कळ रूढ होता. देह जर टाकूनच द्यावयाचा, तर शेजारच्याचें पोट रिकामें आहे ह्याची क्षिति कोणास वाटावी?

पौलाचें उत्तर पत्राच्या पंधराव्या अध्यायांत आहे. तो तत्त्वज्ञानानें आरंभ करीत नाहीं, साक्षीदार सांगतो. उठलेला ख्रिस्त केफाला दिसला, बारा शिष्यांस दिसला, ५०० हून अधिक बंधूंस एकाच वेळीं दिसला, व त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत, असें तो लिहितो. चारी शुभवर्तमानें ह्या पत्रानंतर लिहिलीं गेलीं असें बहुतेक पंडित मानितात; म्हणून आपल्या हातीं असलेली ही सर्वांत जुनी लेखी साक्ष होय. (रिकामी कबर प्रथम पाहणाऱ्या स्त्रिया शुभवर्तमानांत आहेत, पौलाच्या यादींत त्या नाहींत.) मग तो सर्वस्व पणास लावितो. ख्रिस्त उठला नसेल, तर आपला उपदेश पोकळ, ऐकणाऱ्यांचा विश्वास पोकळ, आणि त्याच्या नांवानें मेलेले आपले बंधू कायमचे गेले. एवढ्या मोकळेपणानें बोलणारे धर्मोपदेशक थोडेच.

उठलेला देह कसा असेल, ह्या प्रश्नास तो पेरलेल्या दाण्याचा दृष्टांत देतो. दाणा पेरला तसाच वर येत नाहीं, अंकुर येतो. तरी गव्हाच्या पोटीं गहूंच येतो. आमच्या शेतकरी पालकांस हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

अध्याय मृत्यूवरील जयाच्या घोषापर्यंत चढतो, आणि त्यावर आणखी एकच वाक्य येतें: म्हणून स्थिर राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहींत. लगेच वर्गणीची गोष्ट निघते. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकांतील आहे; पौलाच्या लेखांत मध्यें खंड नव्हता. यरुशलेमांतील गरीब बंधूंकरितां आठवड्याच्या पहिल्या दिवशीं, म्हणजे ज्या वारीं ख्रिस्त उठला त्याच वारीं, प्रत्येकानें आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें. आपण आल्यावर गोळा करण्याची धांदल नको. पैसे पोंचविण्यास माणसें मंडळीनेंच निवडावीं, पौल त्यांस पत्रें देऊन पाठवील, आणि योग्य दिसल्यास स्वतः त्यांच्याबरोबर जाईल.