सायकलची चेन: गंज बाहेर दिसतो, झीज आत होते

पावसाळा आला की या पानावर आम्ही डेंग्यू, गॅस्ट्रो आणि पाणी उकळून पिण्याबद्दल लिहितो. या वेळी विषय आहे घरातल्या सायकलची चेन. आरोग्याशी तिचा काय संबंध, असे कुणी विचारेल. चढावर उभे राहून पायडल मारताना झिजलेली चेन दात्यांवरून घसरली, की पाय एकदम खाली जातो, तोल सुटतो आणि माणूस भर रस्त्यात पडतो. मागून रिक्षा, ट्रक येत असतात. पहाटे पेपर टाकणारी मुले, पाळीवर जाणारे कामगार, सायकलने शाळा गाठणाऱ्या मुली, सगळ्यांचाच हा प्रश्न आहे.

चेन सैल का पडते?

आज आपण वापरतो त्या रोलर चेनची रचना हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरला केली. पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या पिना आणि पिनांभोवती फिरणारे रोलर, एवढीच तिची मांडणी. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच.

‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. सांध्यात धूळ शिरते, तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी पिना घासते. प्रत्येक सांधा किंचित सैल होतो आणि सगळे मिळून चेन लांब होते. पावसात तेल धुऊन जाते, लोखंडाला पाणी आणि हवा लागून गंज चढतो. त्या गंजाची पूडही आतून घासतच राहते.

गंजरोधक चेन घ्यावी का?

अशा चेनवर जस्ताचा किंवा निकेलचा मुलामा असतो. काही चेन स्टेनलेस स्टीलच्या असतात. सायकल उघड्यावर राहत असेल किंवा घर समुद्राजवळ असेल, तर जास्तीचे पैसे वसूल होतात, कारण खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो. पण पिना आणि रोलर जिथे घासतात तिथला मुलामा हळूहळू निघून जातो. त्यामुळे वरून चकचकीत दिसणारी चेनही आतून झिजलेली असू शकते. सायकल घरात राहत असेल, तर साधी चेन आणि वेळेवर तेल एवढे पुरते.

घरच्या घरी तपासा

इंचाच्या खुणा असलेली फुटपट्टी घ्या. शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये बारा इंचांवर बरोबर पिनेचाच मध्य येतो. ती पिन दीड मिलिमीटर पुढे सरकली असेल, तर चेन बदलायची वेळ आली. तीन मिलिमीटर सरकली असेल, तर फ्रीव्हीलचे दातेही झिजले असण्याची शक्यता असते. झिजलेल्या दात्यांवर नवी चेनही घसरते, म्हणून तेही मेकॅनिककडून पाहून घ्या. चेन मधोमध दाबली असता साधारण अर्धा इंच वर-खाली व्हावी. फार घट्ट केलेली चेनही लवकर झिजते.

तेल घालताना

पावसाळ्यात आठवड्याला एकदा चेन कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक रोलरवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा, पायडल उलटे फिरवा आणि थोड्या वेळाने वरचे तेल पुसून टाका. वर राहिलेले तेल धूळ धरते. खाण्याचे तेल वापरू नका, ते चिकट होते. गॅरेजमधले जळके ऑइलही नको. त्यात धातूचा चुरा असतो आणि ते वर्षानुवर्षे हाताला लागत राहिले तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो.

चेन रॉकेलने धुवायची असेल, तर चुलीपासून लांब, उघड्यावर धुवा. रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लहान मुलाने ते प्यायलेच, तर त्याला उलटी करायला लावू नका. लगेच रुग्णालयात न्या.

बोटे सांभाळा

फिरत्या चेनवर फडका धरू नका आणि जवळ लहान मूल असताना पायडल फिरवू नका. चेनकव्हर काढून टाकू नका. बोटे, ओढणी, पदर त्यानेच वाचतात. बोट अडकलेच तर ओढू नका. पायडल धरून ठेवा आणि चेन लॉक काढून किंवा चेन तोडून बोट सोडवा.

गंजामुळे धनुर्वात होतो, हा समज चुकीचा आहे. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात, आणि मळकट चेनवर माती असतेच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. चुना, हळद, ऑइल लावू नका. सरकारी दवाखान्यात दाखवून इंजेक्शनबद्दल विचारा. मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची लस तिथे मोफत मिळते. ती राहून गेली असेल तर आताच घ्या.

एक फुटपट्टी आणि तेलाची एक बाटली असली, की एका सकाळी गल्लीतल्या सगळ्या सायकली तपासून होतात. येत्या रविवारी सुरुवात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सायकलींपासून करूया.