फटीतून जाणारे आणि फट बुजविणारे

श्रावणातील रविवारची सायंकाळ. ताम्हिणीचे धबधबे पाहून परतणाऱ्या मोटारींची रांग पिरंगुटपासून भूगावपर्यंत लागलेली असते. पाऊस थांबलेला नसतो. मोटारींच्या काचा आतून धुरकटलेल्या, मागच्या आसनावरची मुले कंटाळून झोपलेली आणि चालक दर दोन मिनिटांनी हातभर पुढे सरकणारा. इतक्यात डावीकडच्या आरशाजवळून एक मोटारसायकल निघून जाते. तिच्यामागून दुसरी, मग सात-आठ एकदम. नवव्या मोटारसायकलचे टोक आरशाला लागते, आरसा दुमडतो. मोटारवाला काच खाली करून ओरडतो, दुचाकीवाला मान वळवून तितक्याच तारस्वरात उत्तर देतो. पुढच्या वेळी दुसरी दुचाकी येताना दिसली की तोच मोटारवाला चाक थोडे डावीकडे वळवितो आणि उरलेली दोन हातांची फट बुजवून टाकतो. त्याने काय साधते? त्याची मोटार काही पुढे जात नाही. एक माणूस मागे अडकला, एवढेच समाधान त्याला मिळते.

हा प्रसंग मुळशी तालुक्याच्या दोन्ही टोकांना रोज घडतो. दक्षिणेकडे चांदणी चौक, बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड हा रस्ता आणि उत्तरेकडे हिंजवडी, माण, मारुंजी हा माहिती तंत्रज्ञानाच्या कारखान्यांचा परिसर. पहिल्या रस्त्यावर पिरंगुटच्या उद्योगांत पाळीला जाणारा कामगार, मंगल कार्यालयांना निघालेले वऱ्हाडी आणि पावसाळ्यात हौशी सहलवाले यांची गर्दी. दुसऱ्यावर संगणक अभियंते, त्यांना नेणाऱ्या बसगाड्या, त्यांचे जेवण पोहोचविणारी मुले आणि मूळचे गावकरी. आमच्या मते या रोजच्या कुरबुरीला आता केवळ शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून टाळता येणार नाही. तो जिवाचा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार 2022 साली देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली, आणि त्यांपैकी 44.5 टक्के दुचाकीवर बसलेली होती. ती सारी मोटारींच्या फटीतच मेली, असे कोणी समजू नये. पण ज्या वाहनावर बसणाऱ्यांचा मृत्यूंत एवढा मोठा वाटा आहे, त्याने रस्त्यात कोठून जावे याविषयी आपण काहीच ठरविलेले नाही, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

दोन्ही पक्षांची बाजू ऐकून घेणे प्राप्त आहे, कारण दोहोंतही तथ्य आहे. मोटारवाल्याचे म्हणणे असे : मी माझ्या ओळीत उभा आहे, दुचाकी कोणत्या बाजूने येईल याचा मला पत्ता नाही. आरशात जो कोपरा दिसत नाही, नेमक्या त्या कोपऱ्यात ती उगवते. मी वळायला गेलो आणि ती आदळली, तर जमणारा जमाव चौकशी न करता मोठ्या वाहनालाच दोषी ठरवितो. मोटारीवर उठलेला ओरखडा हप्ते फेडणाऱ्याच्या काळजावर उठतो. ही तक्रार खोटी नाही. आपल्याकडे अपघातानंतरचा न्याय वाहनाच्या आकारावरून होतो, हा अनुभव अनेकांचा आहे.

दुचाकीवाल्याचे म्हणणे मात्र मोटारीत बसलेल्याला सहजासहजी कळण्यासारखे नाही. दोन चाकांचे वाहन उभे राहू शकत नाही, त्याला उभे धरावे लागते. रांगेत दर हातभर सरकताना क्लच दाबून, एक पाय चिखलात टेकून, मागे बसलेल्या माणसाचे वजन तोलत राहावे लागते. त्याच्या अनेक गाड्यांची इंजिने वाऱ्याने थंड होतात. वाहन थांबले की वारा थांबतो आणि इंजिनाची धग पोटऱ्यांना लागते. वैशाखात शिरस्त्राणाच्या आत घामाच्या धारा, आणि आषाढात, मुळशीचा पाऊस कसा असतो हे पुणेकरांना सांगायला नको. शिवाय थांबलेल्या रांगेच्या शेपटाशी उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराला आणखी एक भय असते. मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक लागला नाही, तर मोटारीला डिकी आहे, त्याला स्वतःची पाठ आहे.

आणि हिशेब केला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. समजा, भूगावच्या अलीकडे शंभर मोटारसायकली आहेत आणि मोटारवाल्यांच्या इच्छेप्रमाणे त्या सर्व शिस्तीने रांगेत, एकामागे एक उभ्या राहिल्या. एकेक गाडी दोन मीटरांची आणि पुढच्या गाडीपासून दीड मीटर अंतर धरले, तर रांग साडेतीनशे मीटरांनी लांबते. हे साडेतीनशे मीटर कोणाच्या पुढे असतील? त्याच मोटारवाल्याच्या. जी दुचाकी फटीतून निघून जाते, ती त्याची जागा घेत नाही, उलट मोकळी करते. त्याचा संताप समजण्यासारखा असला, तरी त्याचे हित संतापाच्या उलट दिशेला आहे. पुण्याच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या वाहनांत बहुसंख्या दुचाकींची आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणारे पुणे 1972 मध्ये आलेल्या चेतक आणि लूना यांच्यावर स्वार झाले आणि पुढे उतरलेच नाही. हे सर्व लोक उद्या मोटारी घेऊन रस्त्यावर आले, तर चांदणी चौकातून भूगावला पोहोचण्यास शिदोरी बांधून निघावे लागेल.

म्हणून उभ्या किंवा रेंगाळणाऱ्या रांगांमधून दुचाकीने सावकाश पुढे जाणे, हा आम्ही अपराध मानीत नाही. मात्र ‘सावकाश’ या शब्दावर आमचा सारा भर आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे एक ओळ साडेतीन मीटर रुंद. आरशांसकट मोटार दोन मीटरांच्या आसपास. म्हणजे दोन्ही मोटारी आपापल्या ओळीच्या मध्यावर असतील, तर मध्ये दीड मीटर फट उरते आणि पाऊण मीटर रुंदीची मोटारसायकल त्यातून जाऊ शकते, पण दोन्ही बाजूंना वीतदीड वीतच जागा ठेवून. एवढ्या जागेत एखाद्या मोटारीचे दार उघडले, तर ताशी पंधरा किलोमीटर वेगाने येणारा थांबू शकतो, चाळीसने येणारा थांबू शकत नाही. त्यातून मुळशीच्या रस्त्यांवर मानकांची रुंदी सर्वत्र आहे कोठे? भूगावच्या गावठाणातून जाताना ओळ म्हणून काही शिल्लकच राहत नाही. तेथे फट शोधणारा दुचाकीस्वार डावीकडे साइडपट्टीवर उतरतो, डांबराची कड आणि मुरुम यांच्यामधल्या चार बोटांच्या पायरीवर त्याचे चाक घसरते, आणि तो सावरला तरी शाळेतून परतणारी मुले गटारात उडी घेतात. हे रस्त्यातून पुढे जाणे नव्हे, ही पायी चालणाऱ्याची उरलीसुरली जागा बळकावणे आहे. उजवीकडे दुभाजक ओलांडून समोरच्या वाहतुकीवर धावून जाणाऱ्याविषयी तर बोलायलाच नको. या दोन वर्गांना कसलीही सवलत देण्यास आमचा विरोध आहे.

कायदा काय म्हणतो? 1988 चा मोटार वाहन कायदा आणि 2017 ची चालनविषयक विनियमावली यांचा सर्वसाधारण नियम असा की पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडावे. ते उजवीकडे वळत असेल, तर डावीकडून जाता येते. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा रीतीने दुसऱ्याला ओलांडणे आणि उलट्या दिशेने वाहन हाकणे यांचा समावेश धोकादायक चालनाच्या कलमात, म्हणजे 184 व्या कलमात, स्पष्टपणे केला. परंतु थांबलेल्या रांगांमधून दुचाकीने हळू पुढे जावे की नाही, जायचे तर किती वेगाने, याचे सरळ उत्तर कोठेही नाही. परिणामी एकच कृती एका चौकात नित्याचा व्यवहार ठरते आणि दुसऱ्या चौकात गुन्हा ठरू शकते. पौडचे ठाणे पुणे ग्रामीण पोलिसांकडे, हिंजवडी 2018 साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. तालुका एक, पण टोकाटोकाला हवालदाराचा साहेब वेगळा. जेथे नियमच मोघम, तेथे शिटी फुंकणाऱ्याची मर्जी हाच कायदा होतो.

इतर देशांनी या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. ब्रिटनच्या रस्ता संहितेत संथ रहदारीतून वाट काढणाऱ्या मोटारसायकलस्वाराला वेग कमी ठेवण्याची सूचना आहे, आणि मोटारचालकाला त्याच्याकडे लक्ष ठेवण्याची. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याने 2014 साली ताशी 30 किलोमीटरांच्या मर्यादेत ही मुभा दिली. अमेरिकेतील यूटा राज्याने 2019 मध्ये केवळ थांबलेल्या वाहनांमधून आणि ताशी 15 मैलांच्या आत ती दिली. फ्रान्सने 2016 पासून काही जिल्ह्यांत प्रयोग केला आणि 2025 च्या जानेवारीत त्याला कायद्याचे रूप दिले. कॅलिफोर्नियाने 2016 साली संमत केलेल्या कायद्याने या प्रकाराची व्याख्या केली. त्याच्या आदल्या वर्षी बर्कले येथील विद्यापीठाने अपघातांत सापडलेल्या सुमारे सहा हजार मोटारसायकलस्वारांची पाहणी केली होती. त्यांपैकी 997 जण अपघातसमयी रांगांमधून जात होते. त्यांच्यापैकी डोक्याला इजा झालेल्यांचे प्रमाण सुमारे 9 टक्के, तर इतरांत सुमारे 17 टक्के निघाले. या आकड्यांनी हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. त्या स्वारांत चांगली शिरस्त्राणे घालणारे अधिक होते, मद्य प्यालेले कमी होते, आणि आजूबाजूच्या वाहनांहून वेग फार अधिक ठेवला की धोका वाढतो, हेही त्याच पाहणीने सांगितले.

शिरस्त्राणाचा विषय निघालाच आहे, तर एक कटू गोष्ट बोलून टाकावी. 2019 च्या जानेवारीत पुणे पोलिसांनी शिरस्त्राणाचा नियम कडकपणे लागू केला, तेव्हा या शहराने त्याविरुद्ध मोर्चे काढले. ज्या नियमाचा लाभ केवळ आपल्याच कवटीला आहे, त्यासही जे विरोध करतात, त्यांनी मोटारवाल्याकडे दाक्षिण्याची अपेक्षा करावी, हे जरा अवघडच आहे. फटीतून जाण्याची मुभा हवी असेल, तर ती शिरस्त्राण घातलेल्यालाच मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, रस्ते रुंद करा, पूल बांधा, म्हणजे भांडण मिटेल. चांदणी चौकाचा जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरात स्फोटाने पाडला, 2023 च्या ऑगस्टात तेथील नव्या पुलांचे उद्घाटन झाले. चौक मोकळा झाला हे मान्य. पण मोकळ्या चौकातून सुसाट निघालेली वाहने पुढे भूगावच्या अरुंद तोंडाशी येऊन थबकतात, म्हणजे कोंडी फक्त गाव बदलते. या तालुक्याने आपली जमीन दोनदा दिली आहे. पहिल्यांदा गेल्या शतकाच्या विसाव्या वर्षांनंतर टाटांच्या धरणासाठी, सेनापती बापटांच्या सत्याग्रहाला न जुमानता. दुसऱ्यांदा शतक सरता सरता हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानासाठी. वीज मुंबईला गेली, संगणकाचे काम साता समुद्रांपलीकडे गेले, आणि ज्याची भातखाचरे गेली तो शेतकऱ्याचा मुलगा आज आपल्याच गावच्या चौकात पाऊण तास दुचाकीवर ताटकळतो. त्याला रांगेत उभे राहण्याची शिस्त शिकवायची असेल, तर शिकविणाराने थोड्या नम्रतेने शिकवावी.

मोटारवाला आणि दुचाकीवाला या दोन जाती आहेत, असेही कोणी मानू नये. जो सोमवारी हिंजवडीला मोटारीने जातो, तोच मंगळवारी उशीर झाला म्हणून मोटारसायकल काढतो. वडील मोटारीत, मुलगी स्कूटरवर, हे चित्र कोथरूड-बावधनच्या प्रत्येक सोसायटीत आहे. स्कूटरवरची मुलगी आपलीच आहे हे ठाऊक असते, तेव्हा चाक डावीकडे वळत नाही.

आमची राज्याच्या परिवहन खात्याकडे आणि दोन्ही पोलीस यंत्रणांकडे मागणी आहे ती थोडक्यात सांगतो. चांदणी चौक ते पिरंगुट हा पट्टा आणि हिंजवडीतील एक चौक प्रयोगासाठी निवडावा. रांग थांबलेली असताना, शिरस्त्राण घालून, ताशी वीस किलोमीटरांच्या आत, दोन ओळींच्या मधूनच पुढे जाण्यास दुचाकींना उघड परवानगी द्यावी. साइडपट्टीवर आणि उलट्या बाजूस गेलेल्याला दंड व्हावा. मुद्दाम फट बुजविणाऱ्या मोटारचालकालाही तो चुकू नये. चौकांत थांबरेषेच्या पुढे दुचाकींसाठी वेगळा चौकोन रंगवावा. तैवानमध्ये असे चौकोन कित्येक वर्षे आहेत आणि त्यांना पांढऱ्या रंगाच्या काही डब्यांखेरीज मोठा खर्च नाही. वर्षभराने दोन्ही ठिकाणचे अपघात मोजावेत आणि ते आकडे वर्तमानपत्रांत छापण्यासाठी द्यावेत. आकडे आमच्या मताविरुद्ध गेले, तर तेही आम्ही याच पृष्ठावर छापू.